इंजिन लावलेला पतंग

थंडीत आमच्या बोरिवलीच्या गल्लीच्या तोंडाशी गोराईच्या बायका भाजी घेऊन बसतात. मुळा, लाल माठ, वाल, पांढरी वांगी. टोपलीच्या तळाशी भाताचा पेंढा अंथरलेला असतो, नुकत्याच झोडपलेल्या भाताचा. मुळ्याबरोबर त्या पेंढ्याची एखादी काडी पिशवीतून घरी येते. परवा तशी आली. ओट्यावर पिशवी रिकामी केली आणि वास आला. वाळल्या गवताचा, थोडा मातीचा, थोडा दवाचा. आणि त्याच्या मागोमाग पेट्रोल आणि ऑइल एकत्र जळल्याचा, जो माझ्या स्वयंपाकघरात असण्याचं काहीच कारण नव्हतं. हे दोन वास मी एकाच हंगामात पहिल्यांदा एकत्र घेतले आणि तेव्हापासून ते एकमेकांना सोडायला तयार नाहीत.

मी हात पुसले आणि मुलुंडला दादाला फोन लावला. दादा आता सत्तरीला आला आहे. खाडीपलीकडे कापणी झालेली दिसते, एवढंच मी त्याला सांगितलं. त्याने तब्येत विचारली नाही, घरच्यांची चौकशी केली नाही. म्हणाला, "वारा कुठला आहे?"

मी गॅलरीत गेले. आमचं घर उंचावर आहे. खाडी दिसते, खाडीपलीकडची तिवरं दिसतात आणि त्यांच्या मागे गोराईचे माड. खालच्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या साड्या पश्चिमेकडे फुगल्या होत्या. पूर्वेचा आहे, असं मी सांगितलं. "मग उन्हं चढेपर्यंत ठीक आहे," दादा म्हणाला आणि त्याने फोन ठेवला. मी तशीच उभी राहिले. हवा गार होती, गालाला लागत होती, आणि पासष्टी ओलांडलेल्या माझ्या अंगाला वाटत होतं, की आत्ता खाली जावं, रिक्षा करावी, जेट्टी गाठावी.

दादाच्या डाव्या पायात जोर नाही. लहानपणी पोलिओ झाला. शाळेत जाण्याइतका मोठा झाला तरी आई त्याला कमरेवर घेऊन फिरायची, बाजारात, दवाखान्यांत, कुणी सांगेल त्या मालिशवाल्याकडे. पुढे तो उजव्या हातात काठी घेऊन आपला आपण चालायला लागला. डावा हात मांडीवर दाबायचा, सगळं अंग उजवीकडे झोकायचं, मग पाय पुढे. बघणाऱ्याला वाटायचं आता हा पडणार. तो पडायचा नाही. चाळीतल्या क्रिकेटमध्ये तो कायमचा अंपायर, आणि असा भांडखोर अंपायर की पोरं आउट असली तरी आधीच निघून जायची. बाबांची गिरणी बंद पडली, ते गावी शेतीवर गेले, आणि घर दादाच्या आणि माझ्या पगारावर चालायला लागलं. तो घाटकोपरला एका वर्कशॉपमध्ये फिटर होता, पंप दुरुस्त करायचा. मी अंधेरीला कपड्यांच्या कारखान्यात मशीनवर.

वर्कशॉपमध्ये त्याच्या शेजारच्या लेथवर रॉबी होता. गोराईच्या शेतकरी ख्रिश्चन घरातला, आमच्यासारखंच मराठी बोलणारा, उंच, सतत काहीतरी गुणगुणणारा. त्याला डोंगरावरून उडायचं वेड लागलं होतं. लोणावळ्याच्या पलीकडे काही हौशी मंडळी तेव्हा मोठे कापडी पंख घेऊन उतारावरून पळायची आणि हवेत जायची. हँग ग्लायडिंग. रॉबी तिथे शिकायला जायचा. एकदा दादा त्याच्याबरोबर गेला. दिवसभर उन्हात एका दगडावर बसून त्याने पाहिलं आणि संध्याकाळी तिथल्या शिकवणाऱ्याला विचारलं, मलाही शिकवाल का. तो माणूस वाईट नव्हता. त्याने सरळ सांगितलं, की इथे सगळा खेळ पायांचा आहे, पळता आलं नाही तर पंख वारा धरत नाही, आणि उतरतानाही पायच लागतात. दादा घरी आला, जेवला आणि भिंतीकडे तोंड करून झोपला. त्याने कधीच असं केलं नव्हतं, म्हणून मला आठवतं.

मग रॉबीच्या भावाने, जो बोटीवर नोकरीला होता, बाहेरून काही मासिकं आणली.

माणसाच्या उडण्याच्या इतिहासातला हा तुकडा मला फार आवडतो, कारण त्यात मोठं कुणीच नाही. सैन्य नाही, सरकार नाही, मोठे कारखाने नाहीत. ज्यांच्या गावाजवळ डोंगर नव्हते अशा काही माणसांना वाटलं, आपण का उडू नये? त्यांनी झाडं कापायच्या करवतीची किंवा तसलीच छोटी इंजिनं काढली, त्यांना लाकडी पंखा बसवला, ते सगळं कापडी पंखाच्या दांड्याला बांधलं आणि सपाट मैदानात पळत सुटले. डोक्यावर पंख, पाठीमागे कानठळ्या बसवणारं यंत्र, आणि पाय आपले. काही जण उडाले. काहींना त्या इंजिनानेच खाली ढकललं, कारण त्याचा जोर वर लागायचा आणि माणूस खाली लटकलेला, त्यामुळे पंखाचं नाक एकदा झुकलं की झुकतच जायचं. माणसं गेली. तरी बाकीचे घरी जाऊन बसले नाहीत. त्यांनी इंजिन पंखावरून उतरवून माणसाच्या पाठीशी आणलं, दोघांना एका सांगाड्यात बसवलं, सांगाड्याला तीन चाकं लावली आणि तो अख्खा सांगाडा पंखाच्या मध्याला एका जाड बोल्टवर लटकवला. याला ते ट्राइक म्हणायचे. पुढे मायक्रोलाइट म्हणून जी छोटी विमानं जगभर उडाली त्यांतली कितीतरी याच तीन चाकांवरून निघाली.

जाणकारांना त्या बदलात वजन, तोल, सुरक्षितता असं पुष्कळ काही दिसलं असणार. दादाने वर्कशॉपच्या दारात उभं राहून ट्राइकचं मासिकातलं चित्र पाहिलं, बोटाने ती तीन चाकं दाखवली आणि रॉबीला म्हणाला, "ह्याला पळावं लागत नाही."

तिथून आमचा हंगाम सुरू झाला.

पंख रॉबीने मिळवला. डोंगरावरच्या कुणीतरी परदेशी जाताना मागे टाकलेला, नारिंगी-पांढरा, दोन ठिकाणी फाटलेला. ते कापड मी आयुष्यात पहिल्यांदा हातात घेतलं. कडक, कुरकुरणारं, शिडाचं कापड. मी सुपरवायझरबाईंना विचारून कारखान्यातल्या मशीनवर ते शिवून घेतलं. शिवण नागमोडी घालायची, म्हणजे ताण आला तरी दोरा तुटत नाही, एवढं मला कळत होतं. बायका जेवणाच्या सुट्टीत येऊन विचारायच्या, काय गं, मांडव कुणाच्या लग्नाचा? इंजिन एका जुन्या मोटारसायकलचं होतं. सांगाडा दादाने स्वतः उभा केला, वर्कशॉप सुटल्यावर, मालकाच्या परवानगीने. पुढचं चाक पायांनी वळायचं. त्याच्या डाव्या पायाला ते जमणार नव्हतं, म्हणून त्याने उजव्याच पायाने ढकलता आणि ओढता येईल अशी कडी केली. मासिकात तसं काही नव्हतं.

धावपट्टी मात्र हवी होती, आणि मुलुंड-घाटकोपरला मोकळी जमीन कुठली? रॉबीचे वडील, पास्कल काका, यांची गोराईला भातशेती होती. कापणी झाली की जमीन उन्हाळ्यापर्यंत रिकामी. काकांनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी दोन अटी घातल्या. पेंढा रचून केलेल्या उडव्यांजवळ इंजिन न्यायचं नाही, आणि रविवारी चर्चमधली प्रार्थना संपेपर्यंत ते सुरू करायचं नाही.

एका रविवारी सकाळी आम्ही सगळं सामान बोरिवलीच्या जेट्टीवर आणलं. घडी केलेला पंख बोटीइतकाच लांब झाला होता. बोटवाल्याने तो आडवा घ्यायला नकार दिला, मग उभा घेतला आणि टोकं पुढून मागून बाहेर आली. भाजी विकून परतणाऱ्या बायकांच्या मांडीवरून तो गेला होता आणि एकीने त्यावर आपली रिकामी टोपली ठेवून दिली. खाडीचं पाणी संथ होतं. पलीकडे बांबूंच्या मांडवांवर बोंबील सुकत होते. वास घेत घेत आम्ही उतरलो.

आधी दादाला शिकायचं होतं. रॉबीने पंखाखालचा त्रिकोणी दांडा काकांच्या अंगणातल्या चिंचेला दोराने टांगला आणि खाली सांगाडा लटकवून दादाला त्यात बसवलं. गोम अशी होती, की या यंत्राला वळवायला सुकाणू नाही, शेपटी नाही. आपलं वजन इकडे-तिकडे टाकायचं, तेवढंच. उजवीकडे जायचं तर दांडा डावीकडे ढकलायचा, म्हणजे अंग उजवीकडे जातं आणि पंख तिकडे झुकतो. स्कूटरच्या बरोबर उलट. डोंगरावर हे शिकताना भल्याभल्यांचा गोंधळ होतो, असं रॉबी सांगत होता. त्याने दोर हलवला, दांडा एकदम कलला. दादाने विचार न करता अंग झोकलं आणि तो सरळ केला. रॉबीने दुसऱ्या बाजूने हलवला. पुन्हा तेच. तो दमेपर्यंत हलवत राहिला आणि दादा हसायला लागला.

"अरे, मी जन्मभर हेच तर करतोय," तो म्हणाला.

अंग झोकून तोल सांभाळायचा, पडता पडता पुढे जायचं. रस्त्यात लोक वळून बघत ते त्याचं चालणं. माझा भाऊ रोज घरापासून बसस्टॉपपर्यंत ज्याची तालीम करत होता तीच विद्या होती ही, हे त्या चिंचेखाली पहिल्यांदा आम्हाला कळलं. मी अजूनही मुलुंडच्या बाजारात त्याच्या मागून चालते तेव्हा मला कीव येत नाही. मला वाटतं, वाऱ्यात चालला आहे.

सगळं सुरळीत झालं असं नाही. शेताचे बांध काकांनी आमच्यासाठी एका रांगेत फोडून दिले होते, तरी एका रविवारी चाक उरलेल्या बांधाला लागलं आणि सांगाडा कुशीवर पडला. पंखाचं टोक चिरलं, लाकडी पंख्याचे तुकडे झाले, दादाच्या कपाळाला खोक पडली. दादा उठून बसला आणि त्याने आधी पंख कुठे फाटला ते विचारलं. काकांनी वल्ही करायला ठेवलेल्या लाकडातून नवा पंखा घडवायला घेतला. मी पुन्हा शिवायला बसले.

एकदा हवालदार आला. कुणीतरी सांगितलं होतं, शेतात विमान आहे. त्याने यंत्राला फेरी मारली. गाडी असेल तर नंबर कुठे आहे, विमान असेल तर परवानगी कुठे आहे, असं त्याचं म्हणणं. रॉबी म्हणाला, साहेब, पतंग आहे, फक्त इंजिन लावलेला. हवालदाराला ते पटलं की नाही कोण जाणे, पण त्याने बसून बघितलं आणि जाताना सांगितलं, माडांच्या फार वर जाऊ नका. तेव्हा जगात बऱ्याच ठिकाणी अशीच स्थिती होती. या यंत्राला धड नाव नव्हतं, त्यामुळे नियमही नव्हता. आज मुंबईच्या आकाशात कुणी असं केलं तर त्याची वाट लागेल, आणि लागलीच पाहिजे. पण त्या वेळी दोन गोष्टींच्या मध्ये थोडी फट राहिली होती आणि त्या फटीतून आम्ही गेलो.

घरी आईला आम्ही सांगितलं नव्हतं. कपाळाच्या पट्टीने ते कळलं. आईने सगळं विचारून घेतलं आणि दादाशी बोलणं टाकलं. रागाने की भीतीने, मला सांगता आलं नसतं. ती ताट वाढायची, पाणी ठेवायची, बोलायची मात्र माझ्याशी. पाय नीट नसलेल्या पोराला मी कमरेवरून उतरवायलाच घाबरत होते, आणि हा आता जमिनीवरूनच उतरायला निघाला आहे, असं ती एकदा भांडी घासता घासता म्हणाली. पुढच्या शनिवारी तिने नवीन लुगडं काढून ठेवलं आणि मला सांगितलं, उद्या मी पण येणार.

त्या रविवारी हवा काचेसारखी होती. दव इतकं की शेतातली भाताची खुंटं चमकत होती आणि चपला ओल्या झाल्या. आम्ही पंख उघडला, तारा ताणल्या, बोल्ट घट्ट केला आणि चर्चच्या घंटेची वाट बघत बसलो. पूर्वेचा वारा उन्हं चढली की मरतो आणि समुद्राकडून दुसरा येतो, वेडावाकडा. सूर्य माडांच्या खोडांमधून वर येत होता आणि आमची वेळ खर्च होत होती. मग प्रार्थना संपली आणि माणसं घरी न जाता सरळ शेतावर आली. बायका ठेवणीतली लुगडी नेसलेल्या, पुरुष कडक इस्त्रीच्या शर्टात, सगळे बांधावर रांगेने उभे. आई त्यांच्यात गेली नाही. ती बाजूला एकटी उभी राहिली, शेताकडे पाठ करून.

आधी रॉबी बसला, कारण हवेत गेलेला तो एकटाच होता आणि यंत्र तपासायला हवं होतं. तो सरळ धावला, माणसाच्या उंचीइतका उचलला गेला, शेताच्या टोकाशी उतरला, वळून आला. माणसं ओरडायला लागली. रॉबी उतरून दादाजवळ आला.

"इंजिन झकास आहे," तो म्हणाला. "पण माझे पाय सारखे पळायला बघत होते यार. डोंगराची सवय. तुझं बरं आहे."

दादा खदखदून हसला. अशी गोष्ट त्याला तोंडावर सांगू शकणारा तो एकच मित्र होता. मग त्याने माझ्याकडे काठी दिली, दोन्ही हातांनी डावा पाय उचलून जागेवर ठेवला आणि पट्टा बांधला. मी पंखाचं टोक धरून उभी होते. माझ्या हातात माझी शिवण होती. ती मी एकदा बोटाने चाचपली आणि सोडली.

इंजिनाचा आवाज वाढला, खुंटांवरून चाकं खडखडत गेली, दव उडालं. खडखड वाढत गेली, वाढत गेली आणि एकदम थांबली. फक्त इंजिन राहिलं. चाकांखाली जागा दिसायला लागली, आधी वीतभर, मग आमच्यापैकी कुणीही खालून चालत जाईल एवढी. ठरलं होतं, की सरळ जायचं आणि उतरायचं. दादा शेताच्या टोकाशी उतरला नाही. माडांच्या रांगेआधी त्याने अंग झोकलं, नारिंगी पंख कलला आणि तो वळला. रॉबी शिव्या देत होता आणि रडत होता. पास्कल काका टोपी काढून उभे होते. दादा बोंबलाच्या मांडवांवरून गेला, खाडीच्या कडेने गेला, तिवरांतून बगळे उठले आणि त्याच्या खालून उडाले. तो आमच्यावरून पुन्हा आला तेव्हा माडांच्याही वर होता. सगळ्या गावाने माना वर केल्या होत्या. वळून बघायचं आता कुणाच्या हातात नव्हतं, वरच बघावं लागत होतं.

माझ्या शेजारी कुणीतरी येऊन उभं राहिलं. आई होती. तिने डोळ्यांवर हाताची सावली धरली होती. पंखाखाली सांगाडा, सांगाड्यात दादा, आणि पुढे ताणलेले त्याचे दोन पाय, एकमेकांशेजारी, सकाळच्या उन्हात दोन्ही सारखे.

"मंगल," आई तिच्या गावच्या बोलीत म्हणाली, "तेचो अधू पाय खयचो गे? माका हयसून कळना नाय."

मलाही तिथून कुठला ते कळत नव्हतं.

दादा उतरला तो अगदी हलका, दोन उड्या मारून. माणसं बांधावरून धावत सुटली, ठेवणीतली लुगडी दवात भिजली, कुणी पंखाला हात लावत होतं, कुणी त्याच्या पाठीवर थापा मारत होतं. पास्कल काकांनी आपलीच अट मोडून यंत्र तसंच उडव्यांजवळ उभं राहू दिलं. रॉबी दादाला धरून नुसता हलवत होता. दादाच्या चेहऱ्यावर वाऱ्याने आलेलं पाणी होतं, ते त्याने पुसलं नाही. काठी घेऊन मी उभी होते, पण तो सांगाड्यातच बसून राहिला, त्याने ती मागितली नाही.

आई सर्वांत शेवटी पोचली. खुंटांमधून सांभाळून चालत आली. गर्दीने तिला वाट दिली. तिने आधी त्याचं कपाळ बघितलं, जुनी खोक उघडली नाही ना ते. मग इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती त्याच्याशी बोलली.

"कितक्या वर गेल्लंस?" तिने विचारलं.

दादाने माडांकडे बोट केलं. "त्यांच्या वर. एकावर एक दोन माड ठेवले ना, तेवढं."

आईने मान वर करून पाहिलं. माडांच्या शेंड्यांवर, त्यांच्याही वर, जिथे त्या वेळी काहीच नव्हतं. बराच वेळ पाहिलं. मग खाली वाकून तिने त्याचा पट्टा ओढून पाहिला, नीट घट्ट केला, आणि म्हणाली, "वर अजून बरीच जागा आसा."